एकच प्रत

त्यांच्याकडून मी एकदा छत्री नेली होती, चार दिवसांसाठी. त्या चार दिवसांत त्यांच्या घरी जो कोणी आला, दूधवाला, गॅसवाला, मंडळाच्या गणपतीचं आमंत्रण घेऊन आलेले गृहस्थ, त्या सगळ्यांना कळलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी छत्री नेलीय आणि अजून परत केलेली नाही. दाराजवळच्या खिळ्यावर छत्रीच्या जागी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी लटकत होती: ‘छत्री, काळी, एक. वरचा मजला. सोमवार.’ खाली माझ्या सहीसाठी रिकामी ओळ. मी सही केली नव्हती म्हणून त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी त्यांना काका म्हणायचे. ते माझे घरमालक. भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते आणि काकू, वर मी. मी पुण्याहून बदली होऊन आले होते, एका सरकारी कंपनीत विजेच्या कामाची इंजिनिअर म्हणून. काका राज्य सरकारच्या एका खात्याच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. तळघरात ट्यूबलाइटच्या उजेडात, जुन्या नस्त्यांच्या ढिगात त्यांची अख्खी नोकरी गेली. नस्ती म्हणजे फाईल. तिथे सगळे सरकारी लोक नस्तीच म्हणतात, पण काका तो शब्द घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसा घ्यायचे.

रेकॉर्ड रूमचा कायदा त्यांनी घरी आणला होता. वस्तू जागेवरून हलली की तिच्या जागी चिठ्ठी. काकूंनी मला कुकर दिला की ओट्याखाली चिठ्ठी. त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेला तर चष्म्याच्या घरात चिठ्ठी, आणि ती वाचायला चष्मा नाही! सुरुवातीला मला फार हसू यायचं. पुण्याच्या मैत्रिणींना फोनवर सांगायचे, ‘अगं, नमुना आहे नमुना.’ आता हसू येत नाही. त्यांची आठवण आली की तोंड कडू होतं, आणि त्यातला निम्मा कडवटपणा त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे आहे. तेच सांगायला बसलेय.

त्यांचा दुसरा कायदा पहिल्याहून वाईट होता. कुठल्याही गोष्टीची दुसरी प्रत नको. घरात एक कॅलेंडर. दुसरं कुणी दिलं तर ते त्याच्यासमोरच परत. एकाच लग्नाच्या दोन पत्रिका आल्या, एक काकूंच्या नावानं आणि एक काकांच्या, तर हे एक पत्रिका घेऊन वधूपित्याकडे परत करायला गेले. काकू शरमेनं मेल्या. मी घर घेतलं तेव्हा मला एकच किल्ली दिली. दुसरी मागितली तर म्हणाले, “दुसरी नाहीच. बनवलीच नाही.”

“आणि हरवली तर?”

“हरवायची काहून?”

हरवली. दीड महिन्यात हरवली. सुताराला बोलावून कुलूप तोडावं लागलं. तो कुलपावर घाव घालत असताना काका बाजूला उभे राहून मला सांगत होते, “एक प्रत असली की माणूस सांभाळून राहतो. दोन असल्या की बेफिकीर होतो. आणि दोन्हींत फरक निघाला, तर खरी कोणती, हे कोण सांगणार? तू सांगणार?” किल्लीच्या दोन प्रतींत कसला आलाय फरक, हे मी विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता.

त्यांचा एक आवडता किस्सा होता, मी तो वीसेक वेळा ऐकला असेन. चार इमली या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या बंगल्यातून एक बडा साहेब एकदा स्वतः गाडी घेऊन त्यांच्या तळघरात आला. त्याला एका नस्तीची झेरॉक्स हवी होती. काकांनी झेरॉक्स दिली नाही. मूळ नस्तीच दिली, सही घेतली, आणि फळीवर तिच्या जागी चिठ्ठी ठेवली. “म्हटलं, साहेब, कागद एका वेळी एकाच जागी राहतो. तुमच्याकडे जमा झाला, म्हणजे माझ्याकडे नाही. बस!” हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की समोरच्याला हो म्हणावंच लागे. मीही वीसदा हो म्हटलं. एकदा जरी नीट ऐकलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

काकू अगदी वेगळ्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, गोऱ्या, बुटक्या, बोलताना समोरच्याच्या दंडावर हात ठेवणाऱ्या. त्यांनी एक काम हाती घेतलं होतं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूरची कितीतरी सरकारी ऑफिसं उचलून भोपाळला आणली गेली, आणि ऑफिसांबरोबर कारकून, आणि कारकुनांबरोबर त्यांच्या बायका. सतरा-अठरा वर्षांच्या पोरी, कडेवर मूल, सामानात एक पत्र्याची ट्रंक. तिथल्या शिवाजी नगरच्या क्वार्टरांत त्या येऊन पडल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. काकू सात वर्षं त्यांच्या घरी जात होत्या. हातात छोटा रेकॉर्डर, आणि विचारायचं एकच: “नागपूर सोडलंत त्या दिवशी ट्रंकेत काय काय होतं?” तेवढ्यावर बाई तीन-तीन तास बोलायची. सगळ्या मिळून अडतीस बायका झाल्या. पहिली होती काकूंची सासू, म्हणजे काकांची आई. ट्रंक घेऊन आली तेव्हा काका तिच्या मांडीवर होते.

त्याचं पुस्तक करायचं, हे काकूंचं ठरलं होतं. डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली की ऐकत ऐकत लिहायला बसायचं. वहीत त्यांनी फक्त बायकांची नावं आणि पत्ते टिपले होते, बाकी सगळं त्या आवाजांत. अडतीसपैकी पस्तीस जणी तोवर गेल्या होत्या. काकू म्हणायच्या, “अगं, माझ्याकडे आहेत म्हणून मला झोप लागते. नाहीतर या बायकांनी कुणाला सांगितलं होतं हे? नवऱ्यालासुद्धा नाही.”

हे आवाज जिथे होते तो कॉम्प्युटर काकांच्या ताब्यात. काकू घरी आल्या की काका रेकॉर्डर घ्यायचे, आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे, रजिस्टरमध्ये नोंद करायचे आणि रेकॉर्डर पुसून कोरा करायचे. एक प्रत. एक जागा.

मग शेजारच्या डॉक्टरांचा कॉम्प्युटर एका सकाळी उघडेना. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. काकू धावत वर आल्या. “माझ्या बायकांचं काय गं होईल असं झालं तर? काही तरी कर बाई. तू इंजिनिअर आहेस.” मी विजेची इंजिनिअर, ट्रान्सफॉर्मर बघते, पण लोकांना इंजिनिअर म्हटलं की सगळं सारखंच. मी हो म्हटलं. एक वेगळी डिस्क आणून जोडायची आणि दर रविवारी आपोआप प्रत काढून ठेवणारं सॉफ्टवेअर टाकायचं, अर्ध्या तासाचं काम. असं मला वाटलं. देवा रे!

त्या सॉफ्टवेअरनं आधी ईमेल मागितला. मग पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. मग जन्मतारीख. काका म्हणाले, “माझी जन्मतारीख याला काहून पाहिजे? हे लग्न जमवून राहिलं काय माझं?” मग अटींचं पान आलं. मी ‘मान्य’ दाबायला बोट नेलं तर काकांनी माझा हात धरला. त्यांनी त्या अटी वाचल्या. छापून काढून, शब्दकोश घेऊन, दोन संध्याकाळी बसून वाचल्या. तिसऱ्या दिवशी मला जिन्यात अडवलं.

“अट अकरा. माहिती गेली तर कंपनी जबाबदार नाही.”

“काका, सगळेच असं लिहितात.”

“जाऊ नये म्हणूनच तर हे घेऊन राहिलो ना? म्हणजे पहारेकरी ठेवायचा आणि तो सांगणार, चोरी झाली तर मला विचारू नका?”

“तुम्ही ‘मान्य’ दाबा हो.”

“न वाचता?”

“सगळं जग न वाचताच दाबतं!” मी ओरडलेच. तेव्हा मला वाटलं, किती हा खुळा माणूस. पण त्या घरात त्या अटी वाचणारा तो एकटाच होता, हे आज लिहायला लाज वाटते.

मग प्रत काढणं सुरू झालं. पडद्यावर आलं, तीन मिनिटं राहिली. काका घड्याळ लावून बसले. पाऊण तासानं आलं, दोन तास राहिले. “हा बाबू खोटं बोलून राहिला,” काका म्हणाले. संध्याकाळी नव्व्याण्णव टक्के झाले आणि तिथेच अडलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. शेवटी निरोप आला: काम पूर्ण, काही इशाऱ्यांसह. अकरा फायली वगळल्या. कोणत्या अकरा, ते सांगायची पद्धत नाही. त्यासाठी वेगळं पान उघडायचं, त्यात चाळीस पानं इंग्रजी. काका हादरलेच. “अकरा बायका वगळल्या! आणि वर म्हणतो काम पूर्ण!”

कारण सापडायला मला पुढचा रविवार लागला. काकांनी फायलींना नावं दिली होती ती अशी: ‘शिवाजी नगर, श्रीमती अमुक यांचे कथन, भाग दुसरा, दुपारचा, मध्ये कुत्रा भुंकला आहे.’ एवढं लांब नाव सॉफ्टवेअरला झेपत नव्हतं. मी म्हटलं, नावं छोटी करा. तर म्हणे, “बाईचं नाव कापायचं?” शेवटी आम्ही एकेका बाईचे भाग जोडून एकच फाईल केली आणि आकडे दिले. एक ते अडतीस. एक नंबर त्यांची आई.

त्यानंतर दर रविवारी काहीतरी. डिस्कची वायर दुसऱ्या भोकात लावली तर ‘ठिकाण सापडत नाही’. कॉम्प्युटर झोपला तर ‘काम अर्धवट’. फुकटची मुदत संपली, पैसे भरले, तरी पैसे भरा अशी खिडकी येतच राहिली. काकांनी कंपनीला ‘महोदय’ म्हणून पत्र लिहिलं. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं की तुमची अडचण आमच्यासाठी महत्त्वाची आहे, खालचे सहा लेख वाचा. काकांनी सहाही वाचले आणि स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. असे सातपर्यंत गेले. मी हाटातून भाजीच्या पिशव्या घेऊन यावं तर हे फाटकात उभे. “इंजिनिअरबाई, ते पुन्हा लाल झालं.” माझ्या वाट्याला आठवड्यात एक रविवार यायचा, आणि तो या लाल खुणेनं खाल्ला. मला रडू यायचं चिडून. मी खोटं कशाला सांगू, मला तो माणूस डोळ्यांसमोर नको झाला होता.

एके दुपारी ते वरच आले.

“सात! एकेका बाईच्या सात प्रती!”

झालं असं, की सॉफ्टवेअर दर वेळी नवी प्रत काढत होतं आणि जुनी ठेवून देत होतं. डिस्क भरली होती. मी समजावलं की ते चांगलंच असतं, एक बिघडली तर दुसरी असते. त्यांनी कानांवर हात ठेवले. “माझ्या आईचे सात तुकडे करून ठेवले त्यानं. खरी कोणती? मला आज सांग, यातली माझी आई कोणती?” मला जेवायचं होतं. मी दोन वाजेपर्यंत उपाशी होते. मी तणतणत खाली गेले आणि सेटिंगची खिडकी उघडली. तिथे एक चौकोन होता. त्यात खूण केली की डिस्कवर एकच प्रत राहते, कॉम्प्युटरमध्ये आहे हुबेहूब तशी. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जे नाही, ते डिस्कवरूनही जाणार. खाली पिवळ्या त्रिकोणात दोन ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. खूण केली, ‘मान्य’ दाबलं, आणि म्हटलं, “घ्या. एकच प्रत. आता मला बोलावू नका.”

“आता कसं!” काका म्हणाले. लहान मुलासारखे खूश झाले. “एक म्हणजे एक.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी काय केलं ते मला नंतर रजिस्टरवरून कळलं. बुधवारी त्यांनी डिस्क उघडून अडतीस आवाज मोजले, प्रत्येकाची सुरुवात ऐकली आणि नोंद केली, ‘सर्व जमा’. मग कॉम्प्युटरमधले अडतीसही काढून टाकले. केराची टोपलीही रिकामी केली. नस्ती रेकॉर्ड रूममध्ये जमा झाली की टेबलावर तिचं काय काम? कागद एका वेळी एकाच जागी. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं आणि एकही कागद गमावला नव्हता.

रविवारी अकरा वाजता सॉफ्टवेअर आपलं आपण सुरू झालं. मी वर चहा घेत पडले होते. खालून काकांची हाक आली, “इंजिनिअरबाई, हिरवं झालं! चार सेकंदात! एक इशारा नाही!”

मी पडल्या पडल्या ओरडले, “वा काका! सुटलो!”

चार सेकंदात. मी इंजिनिअर ना? जे काम नव्व्याण्णव टक्क्यांवर रात्रभर अडायचं ते चार सेकंदात कसं झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी कूस बदलली.

दीड महिन्यानं जबलपूरहून एक बाई आल्या. त्यांची आई अडतीसपैकी एक, तीन वर्षांपूर्वी काकूंशी बोललेली, आणि नंतर थोड्याच दिवसांत वारलेली. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांनी काकूंचा हात धरून म्हटलं, “काकू, आईचं बोलणं तुमच्याकडे आहे ना? लग्नाआधी मुलीला एकदा ऐकवायचंय. आमच्याकडे तिचा आवाज कुठेच नाही हो.” काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी मलाही खाली बोलावलं. काकांनी रजिस्टर काढलं, नंबर शोधला, बावीस, आणि ऐटीत डिस्क उघडली.

डिस्कवर बायका नव्हत्या. काकांनी स्कॅन केलेले त्यांचे जुने ऑफिसचे आदेश होते, शेकड्यांनी. कॉम्प्युटरमध्ये जागा मोकळी दिसली म्हणून त्यांनी ते तिथे भरले होते. रविवारी तेच आपोआप डिस्कवर उतरले होते.

मी त्यांना बाजूला केलं आणि सॉफ्टवेअरचं ते चाळीस पानांचं इंग्रजी उघडलं. पहिल्यांदाच वाचलं. एका रविवारी, अकरा वाजता, अडतीस फायली हटवल्या. कारण: मूळ जागी नाहीत. मग मी सेटिंगची खिडकी उघडली. माझी खूण तिथे होती. काकू माझ्या पाठीशी उभ्या होत्या, पण त्यांच्या डोळ्यांना तेव्हा पडद्यावरचं बारीक अक्षर दिसत नसे. मी खिडकी बंद केली.

“काका,” मी म्हटलं, “तुम्ही कॉम्प्युटरमधून काढून टाकलंत?”

“जमा झालं होतं ना तिकडे! मी मोजलं ना! मग इकडे काहून ठेवायचं?”

“तुम्ही इथून काढलंत म्हणून तिथून गेलं.”

यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त अर्धा होता. दुसरा अर्धा मी बंद केलेल्या खिडकीत राहिला. काकूंनी वळून काकांकडे पाहिलं. जबलपूरच्या बाई कुणाचंच न ऐकता पुन्हा पुन्हा विचारत होत्या, “म्हणजे नाहीये? कुठेच नाहीये?” काकू त्यांच्या दंडावर हात ठेवायला गेल्या, आणि त्या बाईंनी दंड काढून घेतला.

डिस्क दोन दुकानांत दाखवली, कॉम्प्युटरही दाखवला. आवाजांच्या सगळ्या जागेवर आदेश लिहिले गेले होते, त्यामुळे खाली काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दुकानातल्या माणसानं बरेच दिवस खटपट करून एक तुकडा काढून दिला, बारा सेकंदांचा. योगायोग म्हणा की काय म्हणा, तो एक नंबरचा निघाला. काकांची आई विचारतेय, “हे सुरू झालं काय? थांब, पंखा बंद कर आधी, आवाज येते त्याचा.” आणि संपलं. काका तो तुकडा दुपारभर कानाला लावून बसायचे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते उठले आणि खरंच जाऊन पंखा बंद करून आले. मी दारात होते. मला तेव्हाच बोलता आलं असतं.

उलट मी काय केलं ते ऐका. काका मंडळात, शेजारी, जो भेटेल त्याला सांगू लागले, “सॉफ्टवेअरनं खाल्लं. वरच्या बाईंनीच बसवून दिलं होतं ते.” हे माझ्या कानावर आलं आणि माझं डोकं सणकलं. खरं तर ते माझ्यावर जो आरोप करत होते तो अगदी बरोबर होता, आणि म्हणूनच मला तो सहन होईना. मी काकूंकडे जाऊन म्हटलं, “सॉफ्टवेअर सांगितलं तेवढंच करतं हो काकू. ज्यानं डिलीट केलं त्यानं कबूल तरी करावं.” काकू भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, “कबूल करतील गं. मी वाट बघतेय.” त्यांनी रेकॉर्डर आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. नवऱ्याशी बोलणं म्हणजे, जेवायला वाढलंय, गोळी घेतली का. बस. त्रेचाळीस वर्षांचा संसार, आणि घरात एवढीच दोन वाक्यं उरली.

काकांनी कबूल केलं नाही. चार महिने नाही. एवढा नेमाचा माणूस, छत्रीच्या खिळ्याला चिठ्ठी लावणारा, पण ‘माझी चूक’ हे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून येईनात. मी मनातून खूश होते. ते जोवर कबूल करत नाहीत तोवर मी एकटीच खोटी नव्हते.

तीन बायका अजून हयात होत्या. एक नागपूरला मुलाकडे गेली होती आणि कुणाला ओळखत नव्हती. एक अंथरुणाला खिळून, वाचा गेलेली. तिसरी शिवाजी नगरात नातवाच्या क्वार्टरमध्ये होती, नव्वदीला आलेली, पण बोलणारी. काकूंच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तोवर झाली होती. एका सकाळी त्या कपडे करून माझ्या दारात आल्या. “गाडी काढशील? त्या आजींना पुन्हा विचारते. एक तरी वाचेल.” आम्ही निघालो तर काका फाटकात उभे. कुणी बोलावलं नव्हतं. मागचं दार उघडून ते गाडीत बसले. काकूंनी रेकॉर्डर मांडीवर घेतला.

आजी व्हरांड्यात उन्हाला बसल्या होत्या. काकूंना पाहून हसल्या, नातसुनेला चहा टाकायला लावला. मला पाण्याचा पेला दिला. काकूंनी रेकॉर्डर काढला आणि म्हटलं, “आजी, ट्रंकेचं पुन्हा एकदा सांगा ना.”

“पुन्हा काहून? सगळं सांगितलं ना तुला. तीन दुपारी बसली होतीस. आता मला नाही आठवत बाई. नुसते धागे येतात हाताला.” आजी मजेत मान हलवत होत्या. “तुझ्याजवळ आहे म्हणून मी सोडूनच दिलं. मोकळी झाले. आहे ना तुझ्याजवळ?”

काकू काही तरी गोड खोटं बोलणार होत्या, मला दिसत होतं. तेवढ्यात काका पुढे झाले. हात जोडले.

“नाही आजी. नाही आहे. माझ्या हातून गेलं. मीच मिटवलं. माझी चूक आहे, सगळी माझी.”

काकूंनी डोळे मिटून घेतले. ज्या वाक्यासाठी त्या चार महिने थांबल्या होत्या ते त्यांच्या नवऱ्यानं दुसऱ्याच बाईला सांगितलं, आणि त्यातही ‘सगळी’ म्हटलं. सगळी त्यांची नव्हती. तिथे उभ्या असलेल्यांत हे एका माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस पाण्याचा पेला हातात धरून पेल्यात बघत होतं. आता बोलायचं, आत्ता, मी स्वतःला सांगत होते. मी बोलले नाही. आजतागायत बोलले नाही. पुढच्या वर्षी बदली मागून घेतली आणि निघून आले.

आजी रागावल्या नाहीत. बराच वेळ त्यांना ते कळेचना. मग त्यांनी काकूंचा पदर ओढला.

“म्हणजे लहानीचं पण गेलं? माझ्या बहिणीचं?” त्या म्हणाल्या. “तिचा फ्रॉक आणला होता मी ट्रंकेत. तापात गेली ना ती, पाच वर्षांची. सासूला कळू नये म्हणून साड्यांच्या खाली घातला होता. ते तुलाच सांगितलं मी फक्त.” त्या थांबल्या. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत काही तरी शोधत राहिल्या. “नाव काय गं होतं तिचं?”

काकूंना फ्रॉक आठवत होता. पिवळा होता, बाहीला झालर होती, हेसुद्धा त्यांनी सांगितलं. नाव मात्र आठवेना, आणि त्यांचा हात रेकॉर्डरवर नुसताच पडून राहिला. काका खाली मान घालून उभे होते.

“सांग ना गं,” आजी म्हणत होत्या. “तुझ्याजवळ तर होतं.”